हौसेची जुनी गाडी: ऑनलाइन बाजार कसा निवडावा

जुन्या गाड्यांच्या कोणत्याही संकेतस्थळावर जाहिरात टाकायची म्हटली की आधी एक अर्ज भरावा लागतो. कंपनी, मॉडेल, वर्ष, इंधन, किलोमीटर, कितवा मालक, कुठले पासिंग एवढे रकाने भरले की गाडी बाजारात उभी राहते. रोज कचेरीत नेण्याच्या गाडीला ही माहिती बहुधा पुरते. परंतु समजा गाडी फोक्सवॅगनची पोलो जीटी आहे. चाकणच्या कारखान्यातून २०१३ मध्ये या नावाने दोन निरनिराळ्या गाड्या बाहेर पडल्या: एक १.२ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची आणि सात गिअरच्या स्वयंचलित डीएसजी गिअरबॉक्सची टीएसआय, आणि दुसरी हाताने गिअर टाकायची डिझेल टीडीआय. मागच्या दारावर दोन्हींच्या जीटी लिहिलेले असते, आणि कित्येक जाहिरातींतही तेवढेच लिहिलेले असते. हौशी माणूस या दोन गाड्यांना एक भाव देत नाही. टीएसआय असली तरी गिअरबॉक्सचे मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलण्याचे काम सांभाळणारा भाग, बदलले आहे का, बदलले असल्यास कोणी, आणि त्याचे बिल आहे का, यावर तिचा भाव पुन्हा खालीवर होतो. या प्रश्नासाठी अर्जात रकानाच नसतो.

हौसेच्या गाडीची खरी किंमत अशी रकान्याबाहेर असते. त्यामुळे कोणत्या बाजारात गाड्या जास्त आहेत हे पाहून नवख्या माणसाचे भागत नाही. रकान्याबाहेरची माहिती कुठे मिळते, आणि ती खोटी निघाली तर कोणाला जाब विचारता येतो, या दोन कसोट्यांवर मी पुढे बाजारांची तुलना केली आहे.

पहिली पायरी: आधी गाडी, मग बाजार

"काहीतरी मजेदार घ्यायचे आहे" एवढ्यावर शोध सुरू करू नये. गाडीच्या वयावर बाजारही ठरतो आणि कागदपत्रांचा त्रासही. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या वेगवान गाड्या, म्हणजे पोलो टीएसआय, ऑक्टाव्हिया व्हीआरएस, रांजणगावच्या कारखान्यातली अबार्थ पुंटो किंवा बलेनो आरएस, या कंपन्यांच्या बाजारातही येतात. होंडा सिटी व्हीटेक, फियाट पॅलिओ १.६, फोर्ड फिएस्टा १.६ एस किंवा जुनी जिप्सी हवी असेल, तर शोध खुल्या जाहिरातींत आणि ओळखीपाळखीतच घ्यावा लागतो. या गाड्यांची पंधरा वर्षे उलटलेली असतात किंवा उलटत आलेली असतात, म्हणून नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का हे सर्वांत आधी विचारावे. नूतनीकरणाचे शुल्क २०२२ पासून मोटारीसाठी ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ते १०,००० रुपये केले. शिवाय पर्यावरण कर वेगळा.

पन्नास वर्षांवरच्या मोटारी हे वेगळेच प्रकरण आहे. त्यांच्यासाठी २०२१ पासून 'व्हीए' अक्षरांची स्वतंत्र नोंदणी आहे, तिचे शुल्क २०,००० रुपये आहे, आणि अशी गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन भरणे आणि दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. पहिलीच हौसेची गाडी म्हणून ती घेऊ नये असे माझे मत आहे.

दुसरी पायरी: बाजार ओळखावा

खुल्या जाहिरातींच्या बाजारात ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेस ही मुख्य नावे आहेत. इथे कोणीही जाहिरात टाकू शकतो, तपासणी कोणी करत नाही, आणि व्यवहार फसला तर मध्ये पडणारेही कोणी नसते. तरीही हौशी माणसाला हा बाजार सोडवत नाही, कारण खऱ्या अर्थाने दुर्मिळ गाडी इथेच निघते: निवृत्त गृहस्थांनी वीस वर्षे एकट्याने वापरलेली, बिलांची फाइल जपून ठेवलेली आणि "जुनी फियाट" एवढ्याच मथळ्याखाली टाकलेली पॅलिओ. संकेतस्थळावर मॉडेलचे नाव चुकीचे पडलेले असते, म्हणून शोधताना नाव बरोबर लिहून भागत नाही. चुकीच्या स्पेलिंगनेही शोधावे, आणि नुसते कंपनीचे नाव व वर्ष टाकून सगळी यादी डोळ्यांखालून घालावी. ओएलएक्सचा भारतातला व्यवसाय २०२३ मध्ये कारट्रेडने घेतला आणि कारवालेही त्याच समूहाचे आहे. एकाच व्यापाऱ्याची एकच गाडी दोन-तीन संकेतस्थळांवर दिसणे तसेही नेहमीचे आहे, त्यामुळे गाड्या मोजताना नंबरप्लेट किंवा फोटोतली पार्श्वभूमी ताडून पाहावी.

या बाजारात "मालक स्वतः विकत आहे" असे लिहिणारा बऱ्याचदा व्यापारी असतो. त्याला ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे फोनवर गाडीचे नाव न घेता "जाहिरात पाहिली, गाडी आहे का?" एवढेच विचारावे. मालकाकडे एकच गाडी असते. "कोणती गाडी?" असा उलट प्रश्न आला की समजून घ्यावे. व्यापारी असणे हा काही गुन्हा नाही, पण मग गाडीचा इतिहास त्यालाही ऐकीवच माहीत असतो.

दुसरा बाजार स्वतः गाड्या विकत घेऊन पुन्हा विकणाऱ्या कंपन्यांचा. स्पिनी आणि कार्स२४ या दोन्ही २०१५ मध्ये सुरू झालेल्या, गुरुग्रामच्या कंपन्या आहेत. इथे गाडीची तपासणी झालेली असते, किंमत ठरलेली असते, ठरावीक मुदतीची वॉरंटी आणि काही दिवसांत गाडी परत करण्याची सोय असते, आणि नावावर करून देण्याची धावपळ कंपनी करते. म्हणजे जाब विचारायला दार आहे. परंतु त्यांची तपासणी चालू वापराच्या गाडीची आहे. रंगाचा ओरखडा, टायरची झीज, एसीची हवा त्यात नीट नोंदली जाते, पण इंजिन रिमॅप करून, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी त्याचे सॉफ्टवेअर बदलून, पुन्हा मूळ सॉफ्टवेअरवर आणलेले आहे का, हे त्यात सापडेल अशी आशा धरू नये. चांगली जपलेली आणि नुसतीच चकचकीत केलेली अशा दोन जीटी टीएसआय तिथे जवळपास एकाच भावात उभ्या दिसतात. पारख असणाऱ्याला हीच संधी आहे आणि पारख नसणाऱ्याला हाच धोका. एरवी बलेनो आरएससारख्या, फार फेरफार न झालेल्या गाडीसाठी नवख्याने मला विचारले, तर मी त्याला याच बाजारात पाठवतो.

तिसरा बाजार हौशी लोकांचा. २००४ पासून चालत आलेल्या टीम-बीएचपीचा जाहिरात विभाग हे त्याचे जुने ठिकाण. २०२५ मध्ये टीम-बीएचपीही कार्स२४ ने विकत घेतले. याखेरीज एकेका मॉडेलचे व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवरचे गट आहेत. इथली जाहिरात वाचताना फरक लगेच कळतो. कोणत्या किलोमीटरला क्लच बदलला, कोणते टायर आहेत, कोणता पॅनल पुन्हा रंगवला आणि का, हे मालक आपणहून लिहितो, कारण वाचणारे हेच विचारणार हे त्याला ठाऊक असते. भाव इथे चढा असतो, आणि मालकाने लावलेल्या एक्झॉस्टची व सस्पेन्शनची किंमतही तो त्यात धरून बसलेला असतो. ती पूर्ण देण्याचे कारण नाही. मात्र पाच वर्षांची बिले एका फाइलमध्ये लावून ठेवणाऱ्या माणसाकडून गाडी घेताना थोडे जास्त पैसे गेले, तर ते पुढच्या दुरुस्तीतून वाचलेले असतात.

महागड्या आणि आयात गाड्यांचे व्यापारी आता इन्स्टाग्रामवर दिसतात. त्यांच्याकडच्या बऱ्याच गाड्या 'पार्क अँड सेल' पद्धतीच्या असतात, म्हणजे गाडी मालकाचीच, व्यापारी फक्त दलाली घेतो. तेव्हा पैसे कोणाच्या खात्यात जाणार आणि वॉरंटी कोण देणार, हे लेखी विचारावे. कंपन्यांची प्रमाणित जुन्या गाड्यांची दालने, उदाहरणार्थ फोक्सवॅगनचे दास वेल्टऑटो, अधूनमधून पाहत राहावे, कारण अदलाबदलीत आलेली एखादी चांगली गाडी तिथे निघते. बँकांनी जप्त केलेल्या गाड्यांच्या लिलावांकडे मात्र नवख्याने फिरकू नये. तिथे गाडी आहे त्या स्थितीत घ्यावी लागते, आणि चालवून पाहायला बहुधा मिळत नाही.

तिसरी पायरी: भाव स्वतः काढावा

अमेरिकेत २००७ मध्ये सुरू झालेल्या ब्रिंग अ ट्रेलर या संकेतस्थळावर हौसेच्या गाड्यांचा जाहीर लिलाव होतो आणि गाडी कितीला गेली तो आकडा कायम दिसत राहतो. दहा वर्षांपूर्वी विकलेल्या पोर्शेचा भाव आज कोणीही पाहू शकतो. आपल्याकडच्या मोठ्या संकेतस्थळांवर मागितलेला भाव दिसतो, सौदा कितीला ठरला ते दिसत नाही. म्हणून वही ठेवण्याला पर्याय नाही. मी लिनिया टी-जेट शोधत होतो तेव्हा तीन महिने दर रविवारी सकाळी सगळ्या जाहिराती पाहून वर्ष, किलोमीटर, पासिंग आणि मागितलेली किंमत लिहून ठेवत असे. दुसऱ्या महिन्यातच चित्र स्पष्ट झाले. आठवडाभरात नाहीशा होणाऱ्या गाड्यांच्या किमती एका पट्ट्यात होत्या, त्याच्या वरच्या गाड्या महिनोन्‌महिने तिथेच होत्या, आणि बऱ्याच खालच्या भावातल्या गाड्यांना फोन केला की काहीतरी खोट निघत होती.

मागितलेल्या भावात पुढचा खर्च मिळवूनच तुलना करावी. दोन खाजगी माणसांच्या व्यवहारावर जीएसटी नाही. नोंदणीकृत व्यापाऱ्याला मात्र खरेदी आणि विक्रीच्या फरकावर १८ टक्के कर भरावा लागतो, आणि डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने हा दर सर्व प्रकारच्या जुन्या गाड्यांना सारखा केला. हा कर गाडीच्या पूर्ण किमतीवर नसतो. पाच लाखांना घेतलेली गाडी ५ लाख ६० हजारांना विकली, तर कर ६० हजारांवर, म्हणजे दहा हजारांच्या आसपास बसतो. पूर्ण रकमेवर १८ टक्के मागणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा.

परराज्यातील पासिंगचा हिशेब त्याहून मोठा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशानंतर दिल्ली परिसरातल्या दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर टाच आली, आणि तिथल्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात येऊ लागल्या. जाहिरातीतला डीएल पासिंगचा भाव पाहून जीव सुखावतो, परंतु मोटार वाहन कायद्याप्रमाणे बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे, आणि महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयानुसार कमी होऊन का होईना, पुन्हा भरावा लागतो. गोव्याच्या जीए पासिंगलाही हाच नियम आहे. कर, एजंटची फी आणि दोन-तीन महिन्यांची वाट धरली, तर पुण्या-मुंबईची गाडी बऱ्याचदा तेवढ्यालाच पडते.

चौथी पायरी: फोन आणि कागद आधी, ट्रायल नंतर

"गाडी एकदम मक्खन आहे, एक रुपयाचं काम नाही" हे वाक्य प्रत्येक विकणारा म्हणतो आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याला चार नेमके प्रश्न विचारावेत: सर्व्हिस कुठे झाली आणि शेवटचे बिल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येईल का, विम्याचा दावा कधी केला होता का, गाडीत काय काय बदलले आणि मूळ भाग जवळ आहेत का, कर्जाचा बोजा आरसीवरून उतरला आहे का. शेवटचा प्रश्न मी माझ्या पदरच्या अनुभवावरून घातला आहे. एकदा विकणाऱ्याने "कर्ज केव्हाच फिटलं" म्हटले, ते खरेही होते, पण बोजा उतरवलाच नव्हता आणि बँकेच्या पत्राची मुदत संपली होती. नवे पत्र येईपर्यंत गाडी माझ्या दारात आणि नाव त्याचे, अशी दोन महिने अवस्था होती.

गाडीचा नंबर मिळाला की परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन अ‍ॅपवर नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा, फिटनेसची मुदत आणि बोजा दिसतो. थकलेली ई-चलनेही पाहून घ्यावीत, कारण वेगवान गाडीच्या मागे ती वेगानेच जमलेली असतात. आरसीवरचे पूर्ण मॉडेल वाचावे. साध्या पुंटोला अबार्थचे विंचवाचे चिन्ह चिकटवून आणि चाके लावून फिरवणारे आहेत, तसेच जुन्या सिटीवर व्हीटेकचे चिन्ह लावणारेही. इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसीशी प्रत्यक्ष जुळवल्याशिवाय टोकन देऊ नये.

पाचवी पायरी: गाडी पाहणे

सकाळी जावे, आणि गाडी आधी सुरू करू नका असे सांगून ठेवावे. पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवावा. इंजिन गरम लागले तर थंड असताना येणारा आवाज किंवा धूर लपवला जात असण्याची शक्यता आहे. मग गाडीभोवती एक सावकाश फेरी मारावी. टायरच्या बाजूला चार आकडी क्रमांक असतो, त्याचे पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटरवर २८ हजार किलोमीटर आणि टायर दुसऱ्या जोडीचे असतील, तर मीटर मागे घेतलेला असू शकतो.

काचांच्या कोपऱ्यातली खूणही वाचावी, तिच्यावरून काच कोणत्या वर्षाची ते कळते. कोथरूडमध्ये मी एक २०१६ ची पोलो पाहिली होती. सगळ्या काचा २०१५-१६ च्या, फक्त डाव्या पुढच्या दाराची काच २०१८ ची. "दगड लागला होता," विकणारा म्हणाला, आणि तसे होऊही शकते. पण बॉनेट उघडल्यावर त्याच बाजूच्या फेंडरच्या बोल्टच्या कडांवरचा रंग पान्याने उडालेला दिसला, आणि डिकीतला गालिचा उचलल्यावर खाली बारीक काचेचा चुरा चमकत होता. पुढे अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चौकशी केली तेव्हा विम्यातून झालेले मोठे काम निघाले. दुरुस्ती चांगली झाली होती. भाव मात्र "नॉन-अ‍ॅक्सिडेंटल" गाडीचा सांगितला होता, आणि मी परत आलो.

ट्रायल मोकळ्या रस्त्यावर मारण्याचा मोह होतो. डीएसजी गाडीची खरी परीक्षा गर्दीत होते: पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटताना बसणारा हिसका, चढावर थांबून पुन्हा निघताना होणारी थरथर. टर्बो गाडी दाबल्यावर मागे निळसर धूर दिसतो का, ते मागून येणाऱ्या मित्राला पाहायला सांगावे. स्कॅनर असलेल्या, त्याच मॉडेलवर हात बसलेल्या गॅरेजवाल्याला दोन-तीन हजार देऊन सोबत नेणे हा सगळ्या व्यवहारातला सर्वांत स्वस्त खर्च आहे. मॉडिफाइड गाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे लावले. मूळ भाग हाती आले, तरच अशी गाडी पुन्हा मूळ स्थितीत आणता येते, म्हणून ते भाग सौद्यातच मागून घ्यावेत.

सहावी पायरी: पैसे आणि नाव

टोकन थोडेच द्यावे आणि कोणत्या अटीवर परत मिळेल ते संदेशात लिहून घ्यावे. रोख रक्कम घेणाऱ्यानेही जपावे, कारण आयकर कायद्यानुसार दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारता येत नाही. बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५, नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, आणि परराज्यासाठी फॉर्म २८ लागतो. एकाच राज्यातल्या व्यवहारात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे असते, आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत. आधारवर आधारित ऑनलाइन पद्धतीत ओटीपी विकणाऱ्याच्या मोबाइलवर जातो, आणि 'वाहन' या सरकारी नोंदणी प्रणालीत दहा वर्षांपूर्वीचा बंद पडलेला नंबर असेल तर सगळे तिथेच अडते. म्हणून पूर्ण पैसे देण्याआधी तो नंबर चालू आहे का हे विचारावे. विमाही चौदा दिवसांच्या आत नावावर करून घ्यावा, कारण त्यानंतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई मिळताना अडचण येते. नो क्लेम बोनस विकणाऱ्याचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही.

विकणाऱ्यासाठी

कंपनीला विकल्यास पैसे लवकर येतात, पण हौसेचे मोल मिळत नाही. एक्झॉस्ट, चाके आणि सीट यांना तिथे भाव शून्य, कधी वजा. म्हणून मूळ भाग परत लावून गाडी कंपनीला द्यावी आणि सुटे भाग हौशी गटात वेगळे विकावेत. दोन्ही मिळून येणारी रक्कम पुष्कळदा जास्त भरते. वेळ असेल तर हौशी बाजारातच जाहिरात टाकावी आणि गाडीचे दोष स्वतःच लिहावेत. डागाळलेल्या बंपरचा जवळून काढलेला फोटो दिला की उगाच भाव पाडायला येणारे निम्मे लोक येतच नाहीत.

खुल्या बाजारात न पाहताच "गाडी पसंत आहे, क्यूआर स्कॅन करा, पैसे पाठवतो" म्हणणारे फोन येतील, आणि त्यांतले काही जण लष्करात असल्याचे सांगतील. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. ट्रायलला स्वतः शेजारी बसावे आणि मूळ आरसी घरीच ठेवावी.

गाडी व्यापाऱ्याला दिली, तरी नाव आपलेच राहते हे बरेच जण विसरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले, की अपघात झाल्यास आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाईल, मग गाडी मधल्या काळात कितीही हातांतून गेलेली असो. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी अधिकृत व्यापाऱ्याकडे गाडी सोपवल्याची ऑनलाइन नोंद करण्याची सोय झाली आहे. व्यापारी अधिकृत आहे का हे विचारून ती नोंद आपल्यासमोर करून घ्यावी. खाजगी माणसाला देताना त्याच्या लायसन्सची आणि आधारची प्रत, तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहिलेली पावती दोघांच्या सह्यांनी करावी. किल्ली देण्याआधी काचेवरचा फास्टॅग खरवडून काढावा आणि बँकेकडे तो बंदही करावा. नाहीतर नवा मालक पहिल्याच रविवारी लोणावळ्याला जातो आणि टोलचा संदेश आपल्या फोनवर येतो.